घोट्याखाली

गुरुवार, जेवणानंतरचा तास.
विषय दोन क्रेडिटचा,
म्हणजे हजेरीपुरता.
'सांघिक काम आणि व्यावसायिक नीतिमत्ता'
फळ्यावर लिहिता लिहिता खडू दोनदा मोडतो,
आणि शेवटच्या बाकावरून
मिसळीच्या तर्रीनं जड झालेली जांभई येते.

अंबडच्या कंपनीत मी अकरा वर्षं टेस्टर होते,
हे मुलांना सांगते.
का सोडली, ते सांगत नाही.

गट क्रमांक सात:
ऊर्मी बोरस्ते, जुबेर काझी,
हर्षल निरगुडे, प्रणोती गायधनी.
प्रकल्प, गोदेच्या पुराची आगाऊ सूचना मोबाइलवर.
नाशकात पुराला आकडा नसतो, अंग असतं,
दुतोंड्या मारुतीचं:
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
पोरांनी कोडमध्ये त्याच पायऱ्या घेतल्या.
मला आवडलं. तसं वहीत लिहिलंही.

भांडीबाजारातले तांबटकाका
चाचणीसाठी नंबर द्यायला तयार झाले.
तळघरात पितळी पातेली,
दरवर्षी वर-खाली करून पाठ गेलेली.
त्यांनी एकच विचारलं,
"पोरी, हे वाजलं नाही
तर पाणी येत नाही असं समजू ना?"

ऊर्मीनं हा प्रश्न गरजांच्या यादीत घातला.
मुद्दा एकवीस.
कुणीतरी तो पुढच्या आवृत्तीत ढकलला.

परीक्षेच्या आदल्या रात्री सेन्सर मेला,
पुलाखालच्या गाळात, निर्माल्यात गुरफटून.
रात्री एक वाजता, कॉलेज रोडच्या खोलीवर
चौघांनी हात वर करून मत घेतलं.
तीन विरुद्ध एक.
मग एक ओळ लिहिली गेली:
काहीही विचारा, उत्तर 'घोट्याखाली'.

सकाळी स्क्रीन हिरवीगार.
धुळ्याहून आलेले परीक्षक चहात बिस्कीट बुडवत
म्हणाले, टीम छान आहे हो तुमची.
हर्षल हसला. प्रणोती लॅपटॉप मिटायला लागली.
"सर," ऊर्मी म्हणाली,
"हे उत्तर नदीचं नाही. आमचं आहे."

बिस्कीट कपात पडलं,
एवढाच आवाज.

मला तिच्याकडे पाहवेना.
माझ्यापुढे दुसराच कागद,
मार्चअखेरचा, अंबडचा.
'सर्व चाचण्या यशस्वी',
आणि खाली माझी सही, वळणदार,
सलाइन मोजणाऱ्या एका यंत्रासाठी.
पुढे काही झालं नाही म्हणे.
म्हणे.
मी कधी विचारायला गेले नाही.

गुणपत्रकात रकाना आहे: संघभावना, दहापैकी.
हिला किती द्यायचे?
मतदान झालं, हरली, तरी बोलली,
म्हणजे संघ मोडलाच की.
पण तिच्या हिशेबात गटात पाच जण होते.
पाचव्याला त्या रात्री कुणी बोलावलं नव्हतं.
मी सहा लिहिले, खोडले, आठ लिहिले.
परीक्षकांनी समजुतीनं सात केले.

तिघं तिच्याशी बोलेनासे झाले.
कॅन्टीनच्या खिडकीशी ती एकटीच पोहे खायची,
लिंबाच्या बिया एकेक करून बाजूला काढत.
मी जाऊन शाबास म्हटलं नाही.
तिनं विचारलं असतं, मॅडम, तुम्ही?

निकाल लागला, सगळे पास.
परवा सहज त्यांच्या कोडची नोंदवही उघडली.
निकालानंतर नवव्या दिवशी, पहाटे तीन वाजता,
जुबेर काझी:
'घोट्याखालीची ओळ काढली.
सेन्सर बंद असेल तर आता माहीत नाही म्हणेल.
मुद्दा २१.'
ती ओळ त्यानंच लिहिली होती,
हेही तिथेच दिसलं.
या कामाला गुण नव्हते. बघायलाही कुणी नव्हतं.

तांबटकाकांच्या फोनवर हल्ली
दर तासाला येतं: माहीत नाही.
वैतागतात.
पातेली मात्र यंदा मे महिन्यापासूनच
वरच्या फळीवर आहेत.